"ब्रांच नंतर बदलून मिळते" म्हणणाऱ्यांनी आकडा दाखवावा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी जून आला की आपल्या पेपरात सीईटीचे टॉपर येतात, पेढे भरवतानाचे फोटो येतात, मग कोणत्या कॉलेजची कट ऑफ कितीवर क्लोज झाली ते येतं, अन् शेवटी इतक्या सीटा रिकाम्या राहिल्या अशी एक बातमी येऊन विषय संपतो. मधल्या काळात ज्या पोराला इंजिनिअरिंगचं कॉलेज तर भेटलं पण भलतीच ब्रांच भेटली त्याने काय करावं यावर कोणी चार ओळी लिहून नाही राहिलं. म्हणून हे पत्र. थोडं लांब झालंय, जागा नसेल तर कापा, पण टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे फी माफीच्या सीटचा, भाग तेवढा कापू नका.

माझं मानेवाड्याकडे झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जुलै-ऑगस्टात शटर वर व्हायच्या आधी लोकं उभे असतात, कोणाला नॉन क्रिमीलेयर, कोणाला ईडब्ल्यूएस, अन् बाकी सगळे ऑप्शन फॉर्मवाले. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही, साधा बी.कॉम. आहे, पण इतकी वर्षं दुसऱ्याच्या पोरांचे फॉर्म भरले की काही गोष्टी दिसतातच. आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच, "भाऊ, कॉलेज पकडू का ब्रांच?"

पहिले तर ही चुकीची ब्रांच येते कुठून ते पाहा. लोकं म्हणतात सरकारने दिली, सिस्टिमने दिली. अहो जो चॉइस कोड, म्हणजे कॉलेज-ब्रांचचा नंबर, तुम्ही फॉर्ममध्ये टाकलाच नाही तो कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या एकत्रित ॲडमिशन प्रक्रियेत, तुम्हाला जन्मात अलॉट होत नाही. तीनशेपर्यंत ऑप्शन टाकता येतात अन् सिस्टिम फक्त वरून खाली तुमची यादी वाचते आणि तुमच्या मार्कांना जिथे पहिली जागा दिसली तिथे थांबते. मग ही यादी बनते कशी? बाप खुर्चीवर बसलेला, पोरगी मागे उभी, पुण्याचा मामा फोनच्या स्पीकरवर. बाप म्हणतो कॉलेज मोठं पायजे, ब्रांचचं मग पाहू. मामा म्हणतो अरे तिथलं काहीही भेटलं तरी घेऊन टाका. की झालं, एकाच कॉलेजच्या कॉम्प्युटर, आयटीपासून सिव्हिलपर्यंत सगळ्या ब्रांच एकाखाली एक वर जातात अन् पोरीला जे खरंच शिकायचं आहे ते दुसऱ्या कॉलेजचं म्हणून बाराव्या-तेराव्या नंबरवर. पोरीला विचारलं तर म्हणते, "बाबा म्हणतील ते."

आधी या यादीचं इतकं वाईट वाटत नव्हतं, कारण पहिल्या नंबरचं सोडून दुसरं काही भेटलं तर बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या राउंडला यादीतलं वरचं भेटते का पाहायला, जाता यायचं. पण २०२५-२६ च्या ॲडमिशनला नियम बदलला. कॅपचे चार राउंड झाले आणि पहिल्या राउंडला यादीतला पहिला ऑप्शन, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी कोणताही, तिसऱ्या राउंडला पहिल्या सहापैकी कोणताही भेटला की ऑटो फ्रीझ. म्हणजे तीच सीट घ्या नाहीतर कॅपच्या पुढच्या राउंडमधून बाहेर. नियमामागचा हेतू मला पटतो, लोकं सीट अडवून ठेवत होते हे खरं आहे. पण हा नियम ज्याने यादी मनापासून लिहिली त्याच्यासाठी बरोबर आहे, आणि आपल्याकडे तर यादी मामा लिहून राहिले. आमच्याच भागातली एक पोरगी, हिला इलेक्ट्रॉनिक्सचं वेड, घरातला मिक्सर बिघडला तर तीच खोलून बसते. घरच्यांनी वरचे तीनही ऑप्शन एकाच नावाजलेल्या कॉलेजचे टाकले, तिसरं सिव्हिल. दुसऱ्या राउंडला सिव्हिल भेटलं, ऑटो फ्रीझ. तिच्या मार्कांना बाकी दोन-तीन कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स आरामात होतं पण ते खाली लिहिलेलं, त्या राउंडला तिथपर्यंत सिस्टिम पोचलीच नाही. बाप मला म्हणे आता काही जुगाड नाही का भाऊ. कायचा जुगाड.

म्हणून माझं म्हणणं, पहिल्या सहा ओळीत असं एकही नाव टाकू नका जे भेटलं तर घरात सुतक येईल. कॉलेज कितीही मोठं असो. बाकी दोनशे चौऱ्याण्णव ओळीत मामाला काय लिहायचं ते लिहू द्या.

आता जे खरं सांगायचं आहे ते. सीट भेटल्यावर रिपोर्टिंगला गेलं की, किंवा त्याच्याही आधी कॉलेजवाले जे गाइडन्सचे टेबल मांडतात तिथे, एक वाक्य हमखास ऐकायला येतं, "आत तर या, फर्स्ट इयरला चांगले मार्क घ्या, सेकंड इयरला ब्रांच बदलून मिळते." हे वाक्य खोटं नाही, म्हणूनच जास्त घातक आहे. ब्रांच चेंज असतो, नियमात आहे. पण तो होतो रिकाम्या जागेवर, फर्स्ट इयरच्या मेरिटने. आता तुम्हीच सांगा, कॉम्प्युटरची सीट रिकामी होते केव्हा? कोणी कॉलेज सोडून गेलं तर. अन् सोडून कोण जाईल, ज्याला तिथे यायला लोकं धडपडून राहिले तो? जिथे जागा रिकाम्या असतात तिथे जायचं नसतं आणि जिथे जायचं असतं तिथे जागा नसते. त्यातही एखाद-दोन जागा निघाल्या तर अख्ख्या कॉलेजातले सगळ्या ब्रांचचे टॉपर त्याच्यासाठी रांगेत, वरून डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला येणाऱ्या पोरांचाही रिकाम्या जागांवर हक्क असतो. म्हणजे ज्या पोराचे बारावीला, सीईटीला मार्क कमी पडले म्हणून ब्रांच नाही भेटली, त्याला आपण सांगून राहिलो की आता नवीन शहरात, होस्टेलच्या मेसचं जेवण खाऊन, न आवडणाऱ्या ब्रांचमध्ये बसून अख्ख्या कॉलेजात पहिल्या दोन-चारात ये. जो येईल त्याला माझा दंडवत.

आणि टीएफडब्ल्यूएस. ट्युशन फी माफीची सीट, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असलेल्यांसाठी, मंजूर जागांच्या वर पाच टक्के. चांगली स्कीम आहे, गरीबाचं पोरगं मोठ्या कॉलेजात जातं. पण एआयसीटीईच्या, म्हणजे टेक्निकल कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, नियमात स्वच्छ लिहिलं आहे की या स्कीममधून आलेल्या विद्यार्थ्याला नंतर कॉलेज किंवा कोर्स बदलता येणार नाही. कोणत्याही परिस्थितीत नाही. हे टेबलावरचा कोणीही सांगत नाही. फॉर्म भरताना या सीटचा चॉइस कोड वेगळा असतो, बाप फक्त फी पाहतो, टाकून देतो वर, आणि वर्षभराने पोरगं ब्रांच चेंजचा अर्ज घेऊन ऑफिसात उभं राहते तेव्हा क्लार्क सांगतो तुझं नाही होत. नऊ पॉइंटर असला तरी नाही होत. म्हणून टीएफडब्ल्यूएसचा कोड टाकायचा तर अशाच ब्रांचचा टाका जी चार वर्षं शिकायची तयारी आहे, ही सीट बदलीसाठी नसतेच.

व्हीएनआयटीवाल्यांचं गणित जरा वेगळं आहे. आपल्याकडचे जुने लोकं अजूनही व्हीआरसीईच म्हणतात, १९६० चं कॉलेज, २००२ ला एनआयटी झालं, तिथे जेईई मेनवरून जोसातून, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या देशपातळीवरच्या ॲडमिशन प्रक्रियेतून, ॲडमिशन होते आणि निम्म्या जागा होम स्टेटला असतात. त्या फॉर्ममध्ये फ्रीझ, फ्लोट अन् स्लाइड असे तीन पर्याय येतात आणि दहातल्या आठ घरांना स्लाइड काय ते माहीत नसतं. फ्रीझ म्हणजे भेटली तीच सीट पक्की. फ्लोट म्हणजे यादीत वर असलेलं कोणतंही कॉलेज-ब्रांच पुढच्या राउंडला भेटलं तर चालेल. स्लाइड म्हणजे कॉलेज हेच ठेवा, फक्त ब्रांच वरची भेटली तर द्या. ज्याला नागपूर सोडायचंच नाही, आईची तब्येत बरी नाही किंवा बाहेर ठेवायची ऐपत नाही, त्याच्यासाठी स्लाइड आहे. ब्रांच सुधारायची सगळ्यात सोपी खिडकी तीच आहे, ॲडमिशनच्या राउंडमधली. एक वर्षानंतरची नाही. पण लोकं सीट भेटली या आनंदात फ्रीझ दाबून मोकळे होतात अन् मग मला विचारतात अनफ्रीझ करता येते का.

इथे एक उलटी बाजू पण सांगितली पाहिजे, नाहीतर लोकं म्हणतील हा सगळ्यांना घाबरवून राहिला. बरेचदा ब्रांच चुकीची नसतेच, ती फक्त मामाच्या यादीत नसते. व्हीएनआयटीला मायनिंग लागलं म्हणून रडणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि घरचे पण असं तोंड करून बसतात की जणू पोरगं उद्यापासून टोपलं घेऊन कोळसा वाहणार आहे. अहो तुम्ही राहता कुठे? नागपुरात. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं हेडऑफिस इथे सिव्हिल लाइन्सला. वेस्टर्न कोलफील्ड्सचं हेडऑफिस पण सिव्हिल लाइन्सलाच. मॅंगनीजची मॉइल, तिचं मुख्यालय काटोल रोडला, खाणी मनसर, कांद्री, गुमगावपासून भंडाऱ्याचं चिखला अन् पलीकडे बालाघाटपर्यंत. उमरेड, वणी, चंद्रपूर, बल्लारपूरचा कोळसा, गडचिरोलीत सुरजागडचं लोखंड. मायनिंगच्या पोरासाठी देशात नागपूरसारखी जागा शोधून दाखवा. तसंच मेटलर्जी, वाडीला ॲल्युमिनियमची रिसर्च संस्था आहे. केमिकल घेतलं म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एलआयटी, आपलं लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट, माहीत आहे पण ती १९४२ पासूनची आहे आणि तेल, रंग, प्लास्टिक, फूडच्या कंपन्या तिथून माणसं नेतात हे माहीत नसतं. २०२३ ला तर तिची युनिव्हर्सिटी झाली. पर्यावरणाचं काही करायचं असेल तर नीरी ही रिसर्च संस्था १९५८ पासून वर्धा रोडवर उभी आहे, आपण नुसते तिच्या समोरून जातो.

मुलींना मायनिंग नको म्हणणारे तर खूप. आधी ते बरोबरही होतं, १९५२ च्या माइन्स ॲक्टने बायांना जमिनीखालच्या खाणीत कामाला बंदी होती. पण २०१९ ला केंद्र सरकारने नोटिफिकेशन काढून टेक्निकल, सुपरवायझरी कामासाठी दिवसाच्या वेळेत खाली जायची परवानगी दिली, उघड्या खाणीत रात्रपाळीला पण अटी टाकून मोकळीक दिली, आणि २०२१ मध्ये कोल इंडियाच्या भूमिगत खाणीत पहिली महिला मायनिंग इंजिनिअर रुजूही झाली, झारखंडला. कायदा बदलला, आमच्या दुकानातल्या खुर्चीवरच्या बापाला कोणी सांगितलं नाही. पण हे पण तितकंच खरं की मायनिंगची नोकरी म्हणजे आडगावची कॉलनी, शिफ्ट, धूळ, अन् मॅनेजर व्हायचं तर डीजीएमएसच्या, म्हणजे खाणींची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या, परीक्षा. ज्या पोराला एसीत बसून कोडिंगच करायचं आहे त्याला मुख्यालय नागपुरात आहे म्हणून काही फरक पडत नाही, पोस्टिंग काही सिव्हिल लाइन्सला भेटत नाही.

मग कॉलेज का ब्रांच? माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच गोष्ट विचारतो, तुमच्या पोराला जे व्हायचं आहे त्याच्या जाहिरातीत डिग्रीचं नाव लिहिलेलं असते का नसते. बास. यावर अर्ध्या घरातलं भांडण तिथेच मिटतं. पीडब्ल्यूडी किंवा जलसंपदात इंजिनिअर व्हायचं तर सिव्हिलची डिग्री लागते, महावितरणला डिस्ट्रिब्युशनचा इंजिनिअर व्हायचं तर इलेक्ट्रिकल लागते, गेट परीक्षेवरून सरकारी कंपन्यांत जायचं तर जाहिरातीत ब्रांच छापलेली असते. तिथे नावाजलेल्या कॉलेजची दुसरीच डिग्री घेऊन गेला तर फॉर्मच सबमिट होत नाही. असंच आर्किटेक्चरचं. नाटाची प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांचं बी.आर्क. केलं, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नाव नोंदवलं तरच आर्किटेक्ट म्हणून पाटी लावता येते, १९७२ चा कायदा आहे. आणि आमच्याकडे बिनधास्त सांगतात, आर्किटेक्चर कायले पायजे, सिव्हिल घे, एकच तं आहे. एकच नाही हो. अशा पोराने साधं कॉलेज घ्यावं, गावाकडचं घ्यावं, पण ब्रांच सोडू नये.

उलट ज्याला आयटी कंपनीत जायचं आहे त्याचं इतकं अडत नाही. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, आणि या मोठ्या कंपन्या फ्रेशर घेताना बहुतेक वेळा सगळ्याच ब्रांचच्या पोरांना बसू देतात. तिथे कॉलेजात कंपन्या येतात की नाही हे जास्त महत्त्वाचं. अशा पोराला चांगल्या कॉलेजात मेकॅनिकल भेटलं तर खुशाल घ्यावं, सोबत कॉम्प्युटरचं मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, करावं, एआयसीटीईच्या हिशोबाने नेहमीच्या क्रेडिटच्या वर अठरा-वीस क्रेडिट जास्त घेतले की डिग्रीवर मायनर म्हणून नाव येतं. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन डिग्र्या करायला पण परवानगी दिली आहे, आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बी.एस. ऑनलाइन करणारी इंजिनिअरिंगची पोरं आपल्याच शहरात आहेत. एम.टेक.ला दिशा बदलायची तर गेटला दोन पेपर देता येतात. पण मायनर म्हणजे मायनर, सरकारी जाहिरातीत सिव्हिल पाहिजे असेल अन् तुमच्याकडे मेकॅनिकलवर सिव्हिलचं मायनर असेल तर ते पोह्यावरच्या शेवेसारखं आहे, शेवेने पोट भरत नाही.

अजून एक भानगड हल्ली वाढली आहे. एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या चालणाऱ्या कॉलेजांवरची एका ब्रांचमध्ये किती जागा याची वरची मर्यादा काढून टाकली. त्यामुळे कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या आणि त्याच्याच भावंडांची नावं पण, एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, बिझनेस सिस्टिम्स. पालक विचारतात हे कॉम्प्युटरच आहे ना. शिकायला बऱ्यापैकी तेच आहे, पहिली दोन वर्षं तर फारसा फरकच नाही. पण जागा वाढल्या म्हणून शिकवणारे त्याच हिशोबाने वाढले का, लॅबमध्ये एका मशीनवर किती पोरं बसतात, हे कॅम्पस पाहायला गेलात तर डोळ्याने पाहून या. लोकं गेट अन् कॅन्टीन पाहून परत येतात.

पैशाचं पण सांगतो कारण पैशाच्या भीतीनेच लोकं चुकीच्या सीटला चिकटून बसतात. एकदा फी भरली की गेली असं वाटते. एआयसीटीईचा नियम आहे की ठरलेल्या तारखेच्या आत ॲडमिशन कॅन्सल केली तर कॉलेजने प्रोसेसिंगचे जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी सगळी फी परत द्यायची, आणि ओरिजिनल मार्कशीट, टीसी अडवून ठेवायची नाही. तरीही ओरिजिनल आमच्याकडे जमा आहे, चार वर्षांची फी भरा मग देऊ, असं बोलणारे ऑफिसवाले अजून आहेत. त्यांना तोंडी भांडत बसू नका, लेखी अर्ज द्या, त्याच्या दुसऱ्या कॉपीवर आवकचा शिक्का घ्या, आवाज आपोआप खाली येतो. तारीख मात्र चुकवू नका, तारखेनंतर मी पण काही करू शकत नाही.

दुसरं, ब्रांच पाहिजे म्हणून मॅनेजमेंटच्या सीटवर उडी मारणारे. इन्स्टिट्यूट लेव्हलच्या वीस टक्के जागांतून घेतलं की शिष्यवृत्तीचा बाजार उठतो. २०२४-२५ पासून आठ लाखाच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची शिक्षण फी राज्य सरकार शंभर टक्के भरून राहिलं, पण ते कॅपमधून आलेल्या मुलींसाठी. मॅनेजमेंटच्या सीटला ते नाही. बर्डीवरचा एजंट हे सांगत नाही, तो फक्त म्हणतो कॉम्प्युटर फिक्स करून देतो. चार वर्षांचा फरक कागदावर मांडून पाहा, त्यात पोरीचं नंतरचं एम.टेक. होऊन जाते.

ड्रॉप घ्यावा का, हा प्रश्न मी घरच्यांवर सोडतो. ज्याचे मार्क आजारपणाने किंवा एखाद्या पेपरने गेले त्याने घ्यावा, ज्याने दोन वर्षं क्लासची फी भरून मोबाईल पाहिला त्याचं तिसऱ्या वर्षी काय बदलणार आहे.

पुण्याचं तेवढं बोलू द्या. इथलं पोरगं पुण्यात कोणत्याही कॉलेजला कोणत्याही ब्रांचला लागलं की नातेवाइकांत सांगायला बरं वाटते. सीओईपी असेल, १८५४ पासूनची संस्था, तर गोष्ट वेगळी, जा. पण कोणीही नाव न ऐकलेल्या कॉलेजात, नको असलेल्या ब्रांचला, फ्लॅटचं भाडं अन् डिपॉझिट भरून पाठवायचं आणि इथे घरून बस-मेट्रोने जाऊन तीच हवी ती ब्रांच भेटत होती ती सोडायची, हे मला आजपर्यंत कळलं नाही. विचारलं तर म्हणतात एक्सपोजर. बरं बाप्पा.

आता मागणी, कारण नुसतं रडगाणं छापायला पत्र नाही लिहिलं. सीईटी सेलच्या पोर्टलवर प्रत्येक कॉलेजची फी, जागा, मागच्या वर्षीची कट ऑफ सगळं दिसते. त्याच्याच बाजूला अजून दोन रकाने टाका. मागच्या वर्षी फर्स्ट इयरनंतर कोणत्या ब्रांचमध्ये किती जागा रिकाम्या निघाल्या, आणि ब्रांच चेंजचे अर्ज किती आले नि किती मंजूर झाले. हा आकडा प्रत्येक कॉलेजच्या ऑफिसात पडलेला असतो, नवीन काही शोधून काढायचं नाही. ज्या कॉलेजात शंभर अर्जातून दोन मंजूर होतात त्याने ते दोन लिहावे, मग टेबलावर "आत तर या" म्हणायची हिंमत कशी होते ते पाहू. दुसरं, फॉर्म कन्फर्म करताना पहिल्या सहा ऑप्शनपाशी मराठीत मोठ्या अक्षरात सूचना यावी की यातलं काहीही भेटलं तर कोणत्या राउंडला परत फिरता येणार नाही. ओटीपी टाकायच्या आधी. आणि टीएफडब्ल्यूएसचा कोड निवडला की तिथेच लाल अक्षरात, ब्रांच बदलता येणार नाही. आत्ता हे सगळं इन्फर्मेशन ब्रोशरमध्ये आहे म्हणतात, इंग्रजीत, शंभरच्या वर पानांत. माझ्या दुकानात येणाऱ्या लोकांपैकी ते कोणी वाचलेलं मी तरी पाहिलं नाही.

सरकार करेल तेव्हा करेल. तोपर्यंत आपला पेपर एक काम करू शकतो. पुढच्या जूनमध्ये, कट ऑफच्या याद्या छापायच्या आधी, आपला एक रिपोर्टर हिंगणा रोड, काटोल रोड, वर्धा रोड, अमरावती रोडवरच्या सगळ्या इंजिनिअरिंग कॉलेजांत पाठवा आणि एकच प्रश्न विचारू द्या, मागच्या वर्षी तुमच्याकडे कॉम्प्युटरला किती जणांना ब्रांच बदलून दिली. ज्यांनी आकडा दिला त्यांचा आकडा छापा, ज्यांनी उद्या या म्हटलं त्यांच्या नावापुढे "उद्या या" असंच छापा. त्या पानाच्या जितक्या लागतील तितक्या झेरॉक्स माझ्या दुकानात फुकट.

आपला,
फॉर्म भरून देणारा एक दुकानदार
मानेवाडा, नागपूर